कोल्हा : कथेतला आणि कोलकात्यातला



कोलकात्याच्या सियालदह स्थानकात रोज लक्षावधी माणसे चढतात-उतरतात. त्या नावातील 'सियाल' म्हणजे बंगालीतील शियाल, अर्थात कोल्हा. पाणथळ रानातील उंचवट्यावर कोल्ह्यांचा वावर असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

मराठीचे आणि या नगरीचे नाते जुने आहे, आणि गंमत अशी की त्या नात्यातही कोल्हा डोकावतो. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपूरला छापले गेले. त्याच छापखान्यातून 1815 मध्ये वैजनाथ पंडितांनी मराठीत आणलेला 'हितोपदेश' मोडी लिपीत बाहेर पडला. मराठी गद्याच्या आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक, आणि त्यात कोल्ह्यांची केवढी वर्दळ! सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत बिब्बा घालणारा दमनक त्यात आहे, निळीच्या पिंपात पडून राजा झालेला आणि जातभाईंची कुई ऐकताच ओरडून उघडा पडलेला कोल्हाही आहे.

पण त्यातला सर्वांत अस्सल ढोंगी म्हणजे क्षुद्रबुद्धी. हरणाशी सलगी करून तो त्याला पिकाने भरलेल्या शेतात नेतो. हरीण फासात सापडते आणि मित्राला म्हणते, दातांनी हा फास तोड. कोल्हा उत्तर देतो : फास स्नायूंचा, आणि आज रविवार; आज त्याला दात कसा लावू? व्रताच्या आडून मित्राच्या मरणाची वाट पाहणारा हा कोल्हा अखेर शेतकऱ्याने हरणावर फेकलेल्या दंडुक्याने स्वतःच मरतो.

बंगालने तर कोल्ह्याला थेट पंतोजी केले. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या 1910 च्या 'टुनटुनिर बोइ'मध्ये मगर आपली सात पिल्ले शिकायला शियाल पंडिताच्या स्वाधीन करते. पंडित रोज एक फस्त करतो आणि मगर भेटीला आली की उरलेलीच पुन्हा पुन्हा वर धरून सातांची संख्या भरून देतो. शाळेची पटसंख्या फुगविण्याची ही युक्ती किती जुनी आहे, हे ध्यानात घ्यावे! त्याच बंगालात कालीच्या मूर्तीपाशीही कोल्हा दिसतो. संस्कृतातील 'शिवा' हा शब्द देवीचाही वाचक आहे आणि कोल्हिणीचाही. म्हणजे लबाडीचा शिक्का आणि देवीचे सान्निध्य, दोन्ही एकाच प्राण्याच्या वाट्याला आले.

मराठीत त्याची आणखी एक फसगत झाली. द्राक्षे आंबट म्हणणारा प्राणी इसापाचा, म्हणजे युरोपातला खोकडाचा भाईबंद. भाषांतरात त्याचा कोल्हा झाला आणि दुसऱ्याचे पाप याच्या माथी बसले. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण मात्र शेताच्या बांधावरून पाहिलेल्या माणसाची आहे. कोल्हा काकडी, कलिंगड, बोरे, ऊस आवडीने खातो. उंदीर-घुशी मारतो आणि मेलेले जनावरही टाकत नाही.

रानातला कोल्हा दमनकापेक्षा क्षुद्रबुद्धीपासून अधिक दूर आहे. आठ-दहा किलो वजनाचा हा प्राणी जोडीने राहतो आणि ती जोडी सहसा वर्षानुवर्षे टिकते. मादीचा गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा. पिल्ले बिळात असताना नरही अन्न आणतो, आणि पुष्कळदा आदल्या वर्षीची मोठी झालेली पिल्ले घर न सोडता धाकट्यांना भरवतात, राखणही करतात. तिन्हीसांजेची ज्या कुईला आपण अपशकुन मानतो, तिने कुटुंबातले सारे एकमेकांना आपला ठावठिकाणा कळवतात आणि शेजारच्या टोळीला आपली हद्द सांगतात. पिसाळलेल्या कोल्ह्याचा चावा मात्र पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याइतकाच घातक असतो, हे विसरून चालणार नाही.

माणसाने त्याला निरनिराळ्या प्रकारे छळले. इंग्रज साहेबांनी खोकडाच्या शिकारीची विलायती हौस येथे कोल्ह्यामागे शिकारी कुत्री सोडून भागवली. भोंदू लोक आजही 'कोल्ह्याचे शिंग' म्हणून ताईत विकतात. वास्तविक कोल्ह्याला शिंग नसतेच, आणि त्याची शिकार हा कायद्याने गुन्हा आहे. सर्वांत मोठा घाव मात्र जमिनीचा. कोलकात्याच्या पूर्वेची दलदल हुगळीच्या गाळाने भरून 1960 नंतर सॉल्ट लेकची वसाहत उभी राहिली. आरंभीच्या रहिवाशांच्या आठवणींत रात्रीची कोल्हेकुई आहे. त्यांच्या नातवंडांना ती पुस्तकातच भेटते. त्याहून पूर्वेकडचा सुमारे 12,500 हेक्टरांचा पाणथळ पट्टा 2002 मध्ये रामसर यादीत गेला. शहराच्या सांडपाण्यावर तेथे मासे वाढतात, आणि तलावांच्या बांधांवर, वेताच्या व नळगवताच्या आडोशाला कोल्ह्याला अजून थारा मिळतो.

दक्षिणेकडे टॉलीगंज क्लबच्या गोल्फच्या हिरवळीवरही काही कोल्हे तग धरून आहेत. भोवती चारही बाजूंनी इमारती आहेत, भुयारी रेल्वेचे स्थानक जवळच आहे. दिवे लागले की त्यांतला एखादा कुंपणाच्या कडेने बाहेर येतो, क्षणभर थांबतो आणि मान वर करून कुई देतो. दुसऱ्या टोकाकडून तिला उत्तर येते.