रस्त्याकडेची पाटी
(शेतकरी श्रोत्यांसाठी केलेले भाषण)



आज मी खताबद्दल बोलणार नाही आणि फवारणीबद्दलही नाही. माल पिकवण्यात आपण कमी नाही, पण पिकलेला माल चार लोकांना सांगायची वेळ आली की आपली जीभ अडखळते. हे सांगणे म्हणजेच जाहिरात. ती काय फक्त कारखानदारांनीच करावी?

माझी पुरंदर तालुक्यात अंजिराची बाग आहे. अंजीर मोठं नाजूक फळ. तोडलं की दुसऱ्या दिवशीच मऊ पडायला लागतं. म्हणून थोडा माल बाजारात न धाडता रस्त्याकडेला बसून विकायचं ठरवलं. पेंटरकडून झोकदार पाटी करून घेतली. वर गणपती, कडेला उगवता सूर्य, मधे बागेचं नाव, माझं नाव, वडिलांचं नाव, आणि उरल्या जागेत 'उत्कृष्ट, मधुर व ताजे अंजीर मिळतील'. घरचे खूष. गाड्या मात्र थांबेनात.

एकदा पाहुण्यांच्या गाडीतून मीच त्या रस्त्याने आलो, तेव्हा उलगडा झाला. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे जाते. मला सूर्य दिसला, अंजीर दिसलंच नाही! शिवाय पाटी दुकानाला टेकून उभी. वाचून होईतो गाडी पुढे गेलेली. मागे कोण वळवतो?

मग काळ्या पत्र्यावर पांढऱ्या, वीतभर अक्षरांत चारच शब्द लिहिले : 'आज पहाटे तोडलेले अंजीर'. खाली खडूने किलोचा भाव, कारण भाव दिसला नाही की माणूस उतरायला कचरतो. आणि पाटी नेली दुकानाच्या अलीकडे दीडशे पावलांवर. (जागा रस्त्याच्या हद्दीत येत असेल तर आधी परवानगीची चौकशी करावी.) त्याच आठवड्यात फरक पडला.

सांगायचं ते एकच सांगावं. १९८२ साली कुक्कुटपालकांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. तिच्या जाहिरातीत कुणा एकाच्या पोल्ट्रीचं नाव नव्हतं. वार कोणताही असो, अंडी रोज खा, एवढंच. ते पोरासोरांच्याही तोंडी बसलं.

दुसरं म्हणजे, सांगितलेलं पडताळता आलं पाहिजे. 'ताजे' हा शब्द सगळेच लिहितात, म्हणून तो कुणी वाचत नाही. 'आज पहाटे' म्हटलं की गिऱ्हाईक फळ हातात घेऊन बघतं. हीच कसोटी आपण बियाण्याच्या जाहिरातीलाही लावावी. दुकानाच्या भिंतीवर बोंडांनी लगडलेलं झाड रंगवलेलं असतं. ते बघून पिशवी उचलू नका. पिशवीवरची चिठ्ठी वाचा : उगवणशक्ती किती टक्के, चाचणी कधी झाली, मुदत केव्हापर्यंत. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते. पावती घ्या, आणि पिशवी, चिठ्ठी व मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

आता माझीच चूक सांगतो. एकदा दहा-बारा किलो अंजीर उरले. दुसऱ्या दिवशी तेच मांडले, पाटी तशीच ठेवली. एका बाईंनी दोन करंड्या नेल्या. आठवड्याने त्या परत थांबल्या अन् म्हणाल्या, "दादा, ती पहाट कोणत्या दिवसाची होती?" मला मान वर करता येईना. पैसे परत दिले, त्यांनी घेतले नाहीत. पुन्हा काही त्या आल्या नाहीत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या बाईंनी घरी जाऊन माझं नाव सांगितलं नसणार, पुरंदरचंच सांगितलं असणार.

तेव्हापासून दुसरी एक लहान पाटी करून ठेवली आहे : 'कालचे अंजीर, निम्मा भाव'. जॅम करणारे तीच पाटी शोधत येतात.