तिकीट कोण देतं?

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ‘प्रायमरी’त साधे मतदारच मत देऊन ठरवतात. बंदुका, गर्भपात, कर या विषयांवर तिथल्या दोन्ही मोठ्या पक्षांची तोंडं दोन दिशांना. आपल्या कर्जत-खालापुरात मात्र तिकीट वरून येतं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पडला, तरच पक्षाचं चिन्ह!

2024 च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीत इथली जागा शिंदेंच्या शिवसेनेला गेली. अजित पवारांच्या राष्ट्रवादीतले सुधाकर घारे अपक्ष लढले आणि शिवसेनेच्या महेंद्र थोरवेंकडून सहा हजारांहून कमी मतांनी हरले. हेच थोरवे 2014 ला शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते! अशात धोरणाचं कोण विचारतं? म्हणून पुढच्या वेळी दारात येणाऱ्या उमेदवाराला एवढं जरूर विचारा: पाण्याबद्दल तुमच्या पक्षाचं म्हणणं काय?