जपानी पंगतीत शिकलेला धडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही जपानला जाऊन आलात, तिथल्या खाण्यापिण्याविषयी चार शब्द बोला." मी म्हटले, मी काही मोठी प्रवासी नव्हे. 2018 सालच्या वसंतात लेकीकडे टोकियोला दोन महिने राहिले, इतकेच. पण या दोन महिन्यांत एक गोष्ट अशी घडली की ती तुम्हां सर्वांच्या कानांवर घालायचीच होती. तेव्हा आज त्या निमित्ताने बोलते.

माझ्याबरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. आमचे घर कोकणातले, मासळीशिवाय पान न हलणारे. पण जाऊबाईंनी बारा वर्षांपूर्वी तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून मासळी, अंडे, सारे वर्ज्य केले. लेक राहते त्या निशिकासाई भागात आपली हिंदी माणसे पुष्कळ. डाळ, तांदूळ, पीठ सगळे मिळते. त्यामुळे घरात काही अडचण नव्हती. अडचण आली ती बाहेर जेवायला गेल्यावर.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात. ही मौज पाहण्यासारखी. गिऱ्हाइकांच्या पुढून एक पट्टा सावकाश सरकत असतो, त्यावर लहान लहान बश्या. हवी ती उचलावी. शेवटी रिकाम्या बश्या मोजून पैसे द्यायचे. बशीच्या रंगावरून तिची किंमत ठरते. ही युक्ती शिराइशी योशिआकी नावाच्या गृहस्थांची. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ती सुचली आणि 1958 साली ओसाकाजवळ त्यांनी असे पहिले दुकान काढले. 1970 च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनानंतर ती सगळीकडे पसरली.

सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी आपली समजूत. खरे म्हणजे सुशी ही भाताची. शिजवलेल्या भाताला शिरका, मीठ आणि साखर लावतात. त्यावर किंवा त्यात जे घालाल ते घाला. फार पूर्वी मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातात महिनोन्महिने आंबवीत. मासा खात आणि भात टाकून देत! बिवा सरोवराच्या काठी अजून तसा प्रकार करतात. भाताच्या मुटक्यावर माशाची चकती ठेवून लगेच हातात देण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, पडली. रस्त्यावरच्या गाडीवरचे ते खाणे, आपल्या वडापावासारखे. कामावरचा माणूस उभ्याउभ्या दोन घास खाऊन पुढे जाई. म्हणून आजही ती हाताने खाल्ली तरी कोणी नावे ठेवीत नाही, हे ऐकून मला फार बरे वाटले.

तर त्या दुकानात मी यथेच्छ जेवले. जाऊबाईंसाठी लेकीने काकडीची सुशी, तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात आणि मिसोचे सार मागवले. सार जाऊबाईंना इतके आवडले की त्यांनी दुसरी वाटी मागितली. "आपल्या कटाच्या आमटीची चव नाही, पण जिभेवर काहीतरी रेंगाळते," असे म्हणाल्या.

आठ दिवसांनी एका मोठ्या दुकानात हिंडताना मला एक लाकडासारखा टणक तुकडा दिसला. मी लेकीला विचारले, "हे ग काय?" तिने सांगितले, तो मासा. आपल्या कुप्याच्या जातीचा. उकडून, धुरावर धरून, वाळवून इतका कठीण करतात की तो रंध्यावर किसावा लागतो. तो कीस पाण्यात घालून जे पाणी निघते ते 'दाशी'. समुद्रातले कोम्बू नावाचे शेवाळही त्यात घालतात. मी म्हटले, आपल्या सुकटीचाच भाऊ! "हे पाणी कशात घालतात?" माझ्या तोंडून सहज गेले. लेक गप्प झाली. जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या.

भगिनींनो, ते पाणी बहुतेक सगळ्यांत असते. मिसोच्या सारात असते, नूडल्सच्या रश्श्यात असते, त्या तोफूच्या पिशवीतही मुरलेले असते. दुकानात "मांस नको, मासा नको" म्हटले की वाढणारी मुलगी मान डोलावते, कारण तिच्या लेखी मासा म्हणजे दिसणारा तुकडा. तिला मी दोष देत नाही. पण माझ्या लेकीला हे ठाऊक होते.

घरी येईपर्यंत कोणी बोलले नाही. रात्री लेक रडत म्हणाली, "काकू, सांगितले असते तर तुम्ही बाहेर काहीच खाल्ले नसते. एवढ्या लांब येऊन तुम्ही उपाशी बसाव्यात, हे मला बघवले नसते." जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "माळ पांडुरंगाची आहे, तो समजून घेईल. पण बाळ, उपाशी राहायचे की नाही, ते मला ठरवू द्यायचे होतेस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला. मी लेकीवर रागावले होते, पण तिची बाजूही मला कळत होती. प्रेमानेच तिने लपवले होते.

त्यानंतर लेकीने एका कार्डावर जपानीत लिहून घेतले: मांस नाही, मासा नाही, माशाचे पाणी नाही, अंडे नाही. ते घेऊन आम्ही गल्लीतल्या एका लहानशा सुशीच्या दुकानात गेलो. आठ माणसांची फळी आणि पलीकडे एक म्हातारे कारागीर. त्यांनी कार्ड दोनदा वाचले. सार? मान हलवली, नाही. तोफूची पिशवी? नाही. मग त्यांनी तपकिरी रंगाच्या मऊ पट्ट्या दाखवल्या. त्यांना 'कान्प्यो' म्हणतात. ऐकाल तर हसाल, तो आपला दुधी भोपळा! सोलून, लांब पट्ट्या काढून वाळवतात आणि सोयाच्या रसात साखर घालून शिजवतात. जाऊबाईंचा चेहरा उजळला. पण म्हाताऱ्याने हाताने खूण केली, नाही. त्यांच्या दुकानात दुधीही दाशीतच शिजत असे.

मग त्यांनी स्वच्छ सुरी घेतली, फळी धुतली आणि काकडीची, मुळ्याच्या लोणच्याची, खारवलेल्या आंबट फळाच्या गराची अशी गुंडाळी एकामागून एक करून दिली. जाऊबाई पोटभर जेवल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्याने मला तीनदा नाही म्हटले, म्हणून मी निश्चिंतपणे जेवले."

आपल्या मंडळाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट सांगते. सुशीच्या फळीमागे फार काळ पुरुषच उभे राहात. कारण काय, तर बायकांचे हात गरम, माशाची चव बिघडते! तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरचा स्वयंपाक बायकांनीच केला, तेव्हा कोणाला त्यांचे हात गरम लागले नाहीत. पुढे 2010 साली टोकियोच्या आकिहाबारा भागात बायकांनीच चालवलेले सुशीचे दुकान निघाले, तेव्हा त्याची चर्चा झाली. पैसे मिळू लागले की हातांचे उष्णमान मोजतात, असे मी म्हटले तर रागावू नका.

आता जे सांगायचे ते. लेकीवर रागावून मी विमानात बसले आणि वाटेत मला आपलेच हळदीकुंकू आठवले. त्या वर्षी मी केक करून आणला होता. त्यात अंडी होती. कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही. आपल्यातली एक भगिनी अंडे खात नाही, हे मला माहीत होते. तिने दोन तुकडे घेतले, वाखाणणी केली, आणि मी हसून "घ्या ना आणखी" म्हटले. केक उरू नये, एवढाच माझा हेतू. लेकीने निदान मायेपोटी लपवले होते.

ही गोष्ट मी इतकी वर्षे पोटात ठेवली. आज व्यासपीठावरून बोलायचे ठरल्यावर, आधी तिला न सांगता इथे उभी राहणे मला बरे वाटेना. परवा तिच्या घरी जाऊन सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठून चहाचे आधण ठेवले आणि आतून विचारले, "आले घातले आहे, चालेल ना तुला?" त्या प्रश्नाने मला जेवढे लाजवले, तेवढे दोन रागाच्या शब्दांनी लाजवले नसते.

सुग्रणपणा आपण चवीवर मोजतो. समोरच्याचे व्रत असेल, पथ्य असेल, कोणाला शेंगदाणे सोसत नसतील. आपल्या हातचे काय आहे ते खरे सांगणे, आणि नसेल ते नाही म्हणणे, हाही पाहुणचारच आहे. म्हणून कार्यकारिणीच्या परवानगीने आज फराळाच्या प्रत्येक ताटापुढे लहानशी पाटी ठेवली आहे. कोथिंबीरवडीत लसूण आहे. चिवड्यात शेंगदाणे आहेत. केक याही वेळी मीच केला आहे, आणि पाटीवर 'अंडी आहेत' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. उरला तर मी घरी नेईन.

जपानी माणसे जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा' म्हणतात. त्या शब्दात धावपळीचा अर्थ आहे. माझ्यासाठी तुम्ही एवढी धावपळ केलीत, त्याबद्दल आभार, असा भाव. सकाळपासून मागच्या खोलीत घाम गाळणाऱ्या आपल्या भगिनींना तोच शब्द म्हणते आणि माझे बोलणे संपवते.