रीटेकचा हिशेब

दोस्तांनो, कॅमेरा हातात घेणार म्हणता? घ्याच. नागराज मंजुळेनं आधी 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म केली, 'फँड्री' आला २०१३ साली. पण आमच्या डॉकवर काय झालं ते ऐका. कॉलेजची पोरं आली. विषय, श्रमाचं सौंदर्य! ५० किलोचं पोतं एकाच गड्याकडून नऊदा उचलून घेतलं. त्यांना तो रीटेक. त्याची कंबर धरली, पाळी बुडाली. तो बोलला ते क्रेनच्या घरघरीत गेलं, कारण माइक लांब कॅमेऱ्यावरच. परवान्याचा कागद नव्हता, गेटवाल्यानं हाकललं. सगळं बोंबललं.

तेव्हा आधी हजेरीचे पैसे मोजा. पोत्यात भुसा भरा. (खोटं वाटेल? वाटू द्या, पाठ खरी आहे.) माइक बोलणाऱ्याच्या छातीशी न्या. अन् काढलेलं चित्र पहिलं त्याला दाखवा, मग तुमच्या मास्तरला.