“मला घरी जायचंय”
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)

अध्यक्षीणबाई आणि मंडळाच्या भगिनींनो,

कार्यवाहबाईंनी मला विषय दिला, तो स्मृती हरपत चाललेल्या वडीलधाऱ्यांशी कसे वागावे, हा. मी डॉक्टर नव्हे. नऊ वर्षे सासूबाईंचे हे दुखणे घरात पाहिले, एवढाच माझा अधिकार.

आपण ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतो. पण हा चळ नव्हे, मेंदूचा आजार आहे. १९०६ साली डॉ. अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी अशा एका बाईंची हकीगत प्रथम मांडली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणे आपल्या देशात साठीपुढील शंभरांतील सातांहून अधिकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा हे दुखणे लपवण्याचे कारण नाही.

आमच्याकडे सुरुवात झाली ती पाटल्यांवरून. “सूनबाई, माझ्या पाटल्या तूच घेतल्यास.” मी कपाट उघडून दाखवी, शपथा घेई, वाद घाली. एकदा वन्संच्या देखत त्या तसे म्हणाल्या आणि मी ओरडले, “तुमचं डोकं फिरलंय!” सासूबाई गप्प झाल्या. तासाभराने पाहते तो पदर तोंडाला लावून रडत बसलेल्या. का रडता, विचारले तर त्यांना सांगता येईना. माझे शब्द त्या विसरल्या होत्या. दुःख मात्र तसेच राहिले होते. त्या दिवसाची लाज मला आजही वाटते. पाटल्या पुढे तांदळाच्या डब्यात सापडल्या. त्यांनीच जपून ठेवलेल्या!

तेव्हापासून मी वाद सोडला. “पाटल्या दिसत नाहीत म्हणजे जीव टांगणीला लागणारच. चला, दोघी मिळून शोधू,” असे म्हणू लागले. शोधता शोधता त्या पाटल्याच विसरत.

दिवेलागणीला त्या पिशवी भरून दाराशी उभ्या राहत. “मला घरी जायचंय.” हेच तुमचे घर, असे सांगितले की अधिकच चिडत. मग उमगले, की त्यांना वाईचे माहेर आठवते आहे. मी विचारी, “वाईच्या घरी संध्याकाळी काय काय असे?” त्या सांगू लागत आणि बोलता बोलता पिशवी खाली ठेवीत. अंधार पडण्याआधीच दिवे लावावेत. सावल्यांनी ही माणसे बिचकतात.

स्नानाला नकार दिला तर हात धरून ओढू नये. अंगावर एकदम पाणी पडण्याची भीती वाटते. थोडे थांबावे, न्हाणीघर उबदार करावे, अंगावर पंचा राहू द्यावा आणि तांब्याने आधी पायांवर पाणी घालावे. एखादे दिवशी अंग नुसते पुसून घेतले तरी चालते.

एक गोष्ट मात्र गाठीशी बांधा. दोन दिवसांत वागणे एकाएकी बिघडले, तर तो स्वभाव समजू नका. आमच्याकडे तीन रात्री आरडाओरडा झाला. निघाला लघवीचा जंतुसंसर्ग. ताप, बद्धकोष्ठ, दुखरा दात किंवा नवे औषध, कशानेही असे होते. त्यांना सांगता येत नाही. म्हणून तातडीने डॉक्टरांना दाखवावे. झोपेची गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नये.

आपल्या पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा ‘अस्तु’ हा चित्रपट अवश्य पाहावा. त्यात संस्कृतचे वृद्ध प्राध्यापक हत्तीच्या मागे भुलून निघून जातात. माहुताची बायको त्यांना ओळखत नाही, पण लेकरासारखे सांभाळते. या भूमिकेबद्दल अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईकडून मी एवढेच शिकले, की आधी माया करावी. ओळख पटवत बसू नये.

शेजारणींनो, आपणही “ओळखलंत का मला?” अशी परीक्षा घेऊ नये, आपले नाव आपणच सांगावे. घरच्यांनी दुखण्याची कल्पना वाण्याला आणि रखवालदाराला द्यावी, आजीआजोबांच्या खिशात फोन नंबर ठेवावा. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मदतवाहिनीही आहे. आणि अशा घरी आठवड्यातून तासभर जाऊन बसावे. माझी एक शेजारीण दर गुरुवारी येई. त्या तासात मी मंडईत जाऊन येई, कधी नुसतीच झोपे. त्या तासांनीच मला पुन्हा ओरडण्यापासून वाचवले.

आपल्या मंडळाने अशा तासांची पाळी लावावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.