गर्भपिशवी काढण्याआधी रक्त तपासा
(शिर्डी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जातं, तासातासाला कापड बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात. आपण म्हणतो, "बाईच्या जातीला हे असायचंच. माझ्या आईलाही असंच व्हायचं." आईलाही व्हायचं, म्हणूनच विचार करायला हवा. हा आनुवंशिक आजार असू शकतो.

रक्त गोठायला काही प्रथिनं लागतात. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे त्यातलं एक. ते कमी असलं की पाळीत, बाळंतपणात, दात काढतानाही रक्त थांबत नाही. फिनलंडच्या डॉ. व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली ज्या मुलीवरून हा आजार मांडला, ती तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली.

हा आजार आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. त्यामुळे "सुनेनं आणला" म्हणायची सोय नाही. तीव्र प्रकारात तर दोष दोघांकडून येतो. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या घरांत ती शक्यता वाढते.

आपल्याकडे जास्त अंगावरून जातं म्हटलं की सल्ला मिळतो, पिशवी काढा. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. पिशवी काढून रक्तातला दोष जात नाही. उलट निदानाशिवाय केलेली शस्त्रक्रियाच जिवावर बेतू शकते. नेहमीच्या तपासणीत प्लेटलेट पुरेशा दिसतात आणि आजार निसटतो. म्हणून या फॅक्टरची वेगळी तपासणी मागा.

उपचार आहेत. सौम्य आजारात गोळ्यांनी भागतं. तीव्र आजारात, शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात हा फॅक्टर शिरेतून देतात. हजारो दात्यांच्या रक्तातला प्लाझ्मा एकत्र करून, त्यातले विषाणू निष्प्रभ करून ही पावडर बनते. हिमोफिलियाची प्रत्येक बाटली इथे चालत नाही. फॅक्टर आठसोबत व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आहे का, हे विचारायलाच हवं.

शिर्डीत रक्तदान करणाऱ्या भाविकांची वाण नाही. माणसानं माणसाला दिलेलं हे दान बाईपर्यंतही पोचलं पाहिजे. हिमोफिलियाच्या रुग्णांना सरकारी केंद्रांत फॅक्टर मोफत मिळतो. आपल्या मुलींची तपासणी आणि औषधही तिथे मोफत व्हावं, ही मागणी प्रत्येक मंडळानं लेखी द्यावी. आणि घरी गेल्यावर लेकीला एवढं विचारा: किती दिवस जातं गं?