पद्मिनी आणि आठशे



जुन्या गाड्यांवरचं व्याख्यान म्हटलं की रोल्स रॉइस आणि राजेरजवाडे यायलाच हवेत, अशी समजूत आहे. आज ते येणार नाहीत. मी बोलणार आहे प्रीमिअर पद्मिनी आणि मारुती ८०० यांच्याबद्दल. या सभागृहातल्या निम्म्या मंडळींनी यांपैकी एकीला तरी कधी ना कधी धक्का मारला असेल!

पद्मिनी माहेरची इटालियन, फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. पद्मिनी हे नाव १९७०च्या दशकात मिळालं, पण साचा १९६०च्या दशकातला होता आणि शतक संपत आलं तरी तो फारसा बदलला नाही. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ते पुढे, ओढणारी चाकं मागे, म्हणून गाडीच्या पोटाखालून लांबलचक शाफ्ट. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. त्यामुळे पुढची सीट अखंड ठेवता आली आणि लग्नसराईत तिथे तिघं बसले.

थंडीच्या दिवसांत तिला उठवणं हा एक विधीच होता. चोक ओढा, किल्ली फिरवा, कानोसा घ्या. चोक जास्त झाला की प्लग भिजले. मग बोनेट उघडा, प्लग काढा, पुसा, परत बसवा. पण एक गोष्ट तिच्या बाजूनं कबूल केली पाहिजे: तिचं दुखणं दिसायचं. पाना-पक्कड हाती असलेला कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक तिला चालती करायचा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला सोडलं नाही ते उगीच नाही. तिची शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

मारुती आली १४ डिसेंबर १९८३ रोजी. इंदिरा गांधींनी पहिली किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीनच. ते आडवं बसवलेलं आणि पुढचीच चाकं फिरवणारं. म्हणजे मधला शाफ्ट गेला, वजन गेलं, छोट्या गाडीत पाय ठेवायला जागा झाली. पद्मिनी नऊशे किलोंच्या घरात, ही साडेसहाशेच्या आसपास. पत्रा पातळ म्हणून लोकांनी नावं ठेवली. ती अगदीच खोटी नव्हती. पण क्लच हलका, स्टिअरिंग हलकं, आणि सकाळी किल्ली फिरवली की गाडी चालू. ड्रायव्हर न ठेवता, मेकॅनिकची मनधरणी न करता मध्यमवर्गीय माणूस बायकोमुलांना घेऊन महाबळेश्वरचा घाट चढू लागला.

पद्मिनीवर आपला जीव जडला, यात तिचे गुण किती आणि दुकानात दुसरं काही नसणं किती? परवान्यांच्या त्या काळात ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढीच काय ती निवड, तीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर. तिच्या गुणगानातला बराच भाग त्या टंचाईचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. संग्रहालयात दोघींपैकी एकीलाच जागा असेल, तर माझं मत ८००ला. पद्मिनीचे चाहते रागावतील. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे, त्यांनी जरूर बोलावं.